डाळिंबी पैठणी आणि दोन कॅलिब्रेट केलेले मॉनिटर

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन साडीखरेदीबद्दल वाचकांची पत्रं आपल्या पानावर अधूनमधून येतात. फोटोत एक रंग दिसला, घरी भलताच आला, ही सरळ सरळ फसवणूक आहे, असा त्यातल्या बऱ्याच पत्रांचा सूर असतो. मी पुण्यात गेली १९ वर्षं डिझाइन आणि प्री-प्रेसचं, म्हणजे छपाईआधी फाइल तयार करायचं काम करतो, साड्यांचे कॅटलॉग, लग्नपत्रिका, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं असं सगळं, म्हणजे टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसणारा माणूस आहे. फसवणारे लोक असतील, नाही म्हणत नाही. पण कितीतरी वेळा कोणीच खोटं बोललेलं नसतं आणि तरीही रंग चुकतो, आणि त्याचा फटका बसतो तो बिचाऱ्या विणकराला, हे मी यावर्षी फार जवळून पाहिलं. पत्र लांबलंय, पण थोडं सविस्तर सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून लिहितोय.

मार्चमध्ये येवल्याच्या एका विणकर कुटुंबाच्या २२ पैठण्यांचे फोटो आम्ही काढले. उत्तरेकडच्या खिडकीचा उजेड, शेजारी रंग ताडून बघायचं करडं ग्रे कार्ड, सगळं नीट. त्यात एक डाळिंबी होती, हिरवा काठ, पदरावर मोर. ती साडी दोनदा विकली गेली आणि दोनदा परत आली. पहिल्या बाईंचं म्हणणं, फोटोत रंग विटकरी मातकट होता, ही तर फारच भडक निघाली. विणकर काका घाबरले आणि आम्ही घाईघाईत फोटो बदलून दिला, तर दुसऱ्या बाई म्हणाल्या की राणी रंग बघून मागवली होती, हा तर मरूनकडे जाणारा आहे. काकांनी मला फोन केला, आवाजात राग नव्हता, नुसतं कोडं पडलेलं, म्हणाले, "दादा, साडी तीच आहे, घडीसुद्धा मोडली नाही, मग रंग मधल्यामधी बदलतो कुठं?"

मला त्या रात्री झोप लागली नाही. कारण माझ्या स्टुडिओत दोन मॉनिटर आहेत आणि दोन्ही मी दर महिन्याला कॅलिब्रेट करतो. म्हणजे रंग खरे दिसावेत म्हणून मॉनिटरच्या काचेवर कलरीमीटर नावाचं छोटं यंत्र टेकवायचं, ते एकेक रंगाचा चौकोन मोजतं, शेवटी रिपोर्ट देतं. ते यंत्र काही स्वस्त नसतं. दोन्ही मॉनिटरचा रिपोर्ट हिरवा होता, पांढऱ्याची छटा ६५०० केल्विन, गॅमा (म्हणजे मधल्या छटा किती गडद-फिकट दिसतात ते) २.२, उजेड १२० कॅंडेला, डेल्टा ई सरासरी १ च्या आत. डेल्टा ई म्हणजे हवा असलेला रंग आणि दिसणारा रंग यातलं मोजलेलं अंतर, १ च्या आत म्हणजे डोळ्याला फरक जवळजवळ कळूच नये. आणि तरीही सकाळी दोन्ही मॉनिटरवर तोच फोटो शेजारी शेजारी उघडला तर एकावर डाळिंबी आणि दुसऱ्यावर भाजलेल्या विटेचा रंग! बरं एवढ्यावर थांबत नाही, एकाच मॉनिटरवर एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक रंग, फोल्डरमध्ये डबल क्लिक करून उघडला की दुसरा, एका ब्राउझरमध्ये एक आणि दुसऱ्या ब्राउझरमध्ये दुसरा. माझ्याकडे काम शिकणारा मुलगा म्हणाला, सर तो स्वस्तातला मॉनिटर खराब झालाय, महागड्यावर बरोबर दिसतोय की. मीही आधी तेच धरून चाललो होतो.

चार दिवस डोकं घातल्यावर जे कळलं ते असं. कॉम्प्युटरमध्ये रंग नसतोच, आकडे असतात. लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी ० ते २५५. आता आपल्याकडे आई किंवा मावशी पाककृती सांगते, दोन वाट्या रवा, एक वाटी साखर. पण वाटी कोणाची? तिची वाटी मोठी आणि तुमची छोटी असेल तर आकडा तोच राहून पदार्थ बिघडतो. फोटोचंही अगदी तसंच आहे, लाल १७८ म्हणजे कोणत्या लालचे १७८, हे सांगणारी जी चिठ्ठी फोटोच्या फाइलला चिकटवलेली असते तिला प्रोफाइल म्हणतात. हे प्रोफाइल सगळ्या कंपन्यांनी एकाच पद्धतीने लिहावं म्हणून १९९३ मध्ये आयसीसी (इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम) ही संस्था निघाली, तिच्यात अॅडोब, अॅपल, मायक्रोसॉफ्ट, कोडॅक असे सगळे होते. मग १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मिळून एसआरजीबी नावाची एक मध्यम वाटी सुचवली, त्या काळच्या काचेच्या ट्यूबवाल्या मॉनिटरला शोभेल अशी, आणि १९९९ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. १९९८ ची अॅडोब आरजीबी ही त्यापेक्षा मोठी वाटी, छपाईवाल्यांसाठी, विशेषतः हिरवे आणि मोरपंखी रंग तिच्यात जास्त मावतात.

माझा महागडा मॉनिटर मोठ्या वाटीचा आहे, जवळजवळ पूर्ण अॅडोब आरजीबी दाखवतो. दुसरा साधा, एसआरजीबीचा. आणि चूक झाली होती माझ्याच स्टुडिओत, मी ती लपवत नाही. एडिटिंग अॅडोब आरजीबीत केलं आणि फाइल बाहेर काढताना एसआरजीबीत रूपांतर न करता, वर प्रोफाइल जोडण्याच्या खुणेचा चौकोनही रिकामा ठेवून दिली. म्हणजे मोठ्या वाटीने मापलं आणि चिठ्ठी फाडून टाकली. आता बघा गंमत नव्हे तर दुर्दैव कसं, फोल्डरमधून उघडणारं ते साधं फोटो बघायचं सॉफ्टवेअर प्रोफाइल वगैरे काही वाचतच नाही, आकडे उचलून सरळ मॉनिटरकडे ढकलतं. मॉनिटरची वाटी मोठी, आकडेही मोठ्या वाटीचे, त्यामुळे रंग एकदम बरोबर दिसला! दोन चुका एकमेकींवर बसल्या आणि आमच्या डोळ्याला खरं वाटलं. तीच फाइल ग्राहकांच्या साध्या लॅपटॉपवर गेली तेव्हा मोठ्या वाटीचे आकडे छोट्या वाटीने मोजले गेले आणि डाळिंबीची झाली वीट. ज्याला आम्ही खराब म्हणत होतो तो स्वस्तातला मॉनिटर आम्हाला ग्राहकाच्या घरचं दृश्य दाखवत होता आणि आम्ही त्याच्याकडे बघितलंच नाही.

दुसऱ्या वेळचा फोटो उलट होता. तो एसआरजीबीत, प्रोफाइलसकट, अगदी नियमाप्रमाणे पाठवला. पण दुसऱ्या बाईंनी तो बघितला मोबाइलवर, आणि बऱ्याच मोबाइलच्या स्क्रीनची वाटी आता मोठी असते, त्यात "विविड" नावाचा मोड असतो जो मुद्दामच सगळे रंग ताणून दाखवतो कारण दुकानात फोन ठेवला की त्यानेच गिऱ्हाईक थांबतं. अँड्रॉइडमध्ये रंग सांभाळायची सोय २०१७ च्या आठव्या आवृत्तीपासून आली, पण प्रत्येक अॅप ती वापरतंच असं नाही. मग डाळिंबी भडकून राणीकडे झुकली. म्हणजे दोन्ही बायका खरं बोलत होत्या. काकाही खरं बोलत होते.

यात जो मुद्दा मला सगळ्यात जास्त सांगायचाय तो हा की कॅलिब्रेशन केलं म्हणजे काम झालं ही समजूत काढून टाका. मीच इतकी वर्षं ती बाळगून होतो. कॅलिब्रेशनचे दोन भाग असतात. एक भाग ग्राफिक्स कार्डात जाऊन बसतो, तो पांढरा रंग, करडे रंग आणि गडद-फिकटपणा सरळ करतो आणि तो सगळ्याच सॉफ्टवेअरला लागू होतो, म्हणून आपल्याला वाटतं सगळं सुधारलं. पण त्याने मॉनिटरची वाटी छोटी-मोठी होत नाही, लाल कितपत लाल आहे हे त्याने बदलत नाही. ते सांभाळायचं काम दुसऱ्या भागाचं, म्हणजे मॉनिटरच्या प्रोफाइलचं, आणि ते प्रोफाइल फक्त एक कागद आहे, जे सॉफ्टवेअर तो कागद वाचेल त्याच्यासाठीच तो उपयोगाचा. एडिटिंगची सॉफ्टवेअर वाचतात. काही ब्राउझर चिठ्ठी नसलेल्या फोटोला एसआरजीबी समजून वाचतात, काही चिठ्ठी असेल तरच वाचतात. काही सॉफ्टवेअर फक्त मुख्य मॉनिटरचं प्रोफाइल वाचतात आणि खिडकी ओढून दुसऱ्या मॉनिटरवर नेली तरी जुनाच कागद धरून बसतात, हे तर मला फारच उशिरा कळलं. आणि तो पहिला भागसुद्धा कॉम्प्युटर झोपेतून उठला किंवा ड्रायव्हर अपडेट झाला की कधी कधी गुपचूप पुसला जातो, रिपोर्ट मात्र ड्रॉवरमध्ये हिरवा तो हिरवाच. जुन्या माणसांना आठवत असेल, मॅकवर केलेलं काम विंडोजवर गडद दिसायचं, कारण मॅकचा गॅमा १.८ होता आणि इकडे २.२, तो २००९ मध्ये एकदाचा सारखा झाला. आम्हाला वाटलं सुटलो, पण तेव्हाच मोठ्या वाटीचे मॉनिटर यायला लागले होते.

हे सगळं दुरुस्त केल्यावरही दोन मॉनिटरचा पांढरा पूर्ण जुळला नाही, हे सांगायलाच हवं. यंत्र म्हणतं दोन्ही ६५००, माझा डोळा म्हणतो एक पिवळट आहे. याची दोन कारणं. एक, कलरीमीटरच्या आत रंगीत फिल्टर असतात आणि मॉनिटरच्या मागचा दिवा कोणत्या जातीचा आहे, जुनी ट्यूब, पांढरा एलईडी की मोठ्या वाटीचा एलईडी, हे त्याला निवडून सांगावं लागतं, नाहीतर यंत्र चुकीचं मोजतं आणि मोजलं हे मात्र ठामपणे सांगतं. मी एका मॉनिटरचा दिवा चुकीचा निवडला होता. दुसरं कारण जास्त खोल आहे. ही सगळी यंत्रं ज्या "सरासरी माणसाच्या" डोळ्यावर बेतलेली आहेत तो माणूस १९३१ साली ठरला, राइट आणि गिल्ड या दोन शास्त्रज्ञांनी इंग्लंडमध्ये वेगवेगळ्या केलेल्या, मिळून १७ जणांवरच्या प्रयोगांवरून. राइटचे दहा, गिल्डचे सात. त्यावरच आजही जगभरचा रंग मोजला जातो आणि एरवी ते छान चालतंही, पण नव्या मॉनिटरच्या दिव्यांतले लाल, हिरवा, निळा हे फार टोकदार, अरुंद असतात, त्यामुळे तुमचा डोळा त्या सरासरीपेक्षा जरासा वेगळा असला तरी फरक उघड दिसतो. माझ्या बायकोला आणि मला त्याच दोन मॉनिटरमधला फरक वेगवेगळा दिसतो, ती म्हणते गुलाबी, मी म्हणतो पिवळट, आणि दोघांपैकी कोणाचीही दृष्टी अधू नाही. शेवटी मी यंत्र बाजूला ठेवून एका मॉनिटरचा पांढरा दुसऱ्याशी डोळ्याने जुळवून घेतला आणि तेवढं पुरलं.

पैठणीची गोष्ट तर त्याहून अवघड आहे. ताण्याचा, म्हणजे उभा धागा एका रंगाचा आणि बाण्याचा, म्हणजे आडवा, दुसऱ्या रंगाचा असला की धूपछाव येतो, हलवली की रंग बदलतो, त्या साडीला एक रंग नसतोच मुळी. माझी आई साडी घ्यायची तेव्हा दुकानदाराला म्हणायची, जरा दाराशी नेऊन बघते हं, आणि ती साडी हातावर टाकून रस्त्याच्या उजेडात उभी राहायची. लक्ष्मी रोडवर हे दृश्य आजही दिसतं. ती काही अडाणी सवय नव्हती. स्वस्तातल्या पांढऱ्या एलईडी दिव्यात गडद लाल फार कमी असतो, त्यामुळे डाळिंबी, आमसुली, कुंकवाचा लाल हे सगळे त्याखाली मरगळतात, वांगी रंग तर कधी कधी काळाच वाटतो. ग्राहक घरी पार्सल रात्री हॉलमधल्या दिव्याखाली उघडतात, आणि मोबाइलवर त्या वेळी नाइट मोड लागलेला असतो म्हणजे स्क्रीनही पिवळी. मग तुलना कशाची कशाशी होतेय! माझी ताईमंडळींना हात जोडून विनंती आहे, साडी परत पाठवायच्या आधी दिवसा दाराशी नेऊन एकदा बघा, आणि फोनचा विविड मोड आणि नाइट मोड बंद करून फोटो पुन्हा बघा. नाही पटली तर खुशाल परत करा, तो तुमचा हक्कच आहे.

काकांच्या साइटवर आता आम्ही प्रत्येक फोटो एसआरजीबीत, प्रोफाइल जोडून टाकतो, खाली मराठीत रंगाचं नाव आणि दुपारच्या सावलीच्या उजेडात हातावर धरलेल्या साडीचा एक छोटा व्हिडिओ असतो. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवतो. कोणी फार अडून बसलं तर काका त्याच लडीतल्या रेशमाचा बोटभर तुकडा पोस्टाने पाठवतात, हे त्यांचंच डोकं, आणि खरं सांगतो माझ्या सगळ्या यंत्रांपेक्षा तो तुकडा जास्त कामाचा ठरलाय.

आता आपल्याकडे, म्हणजे वर्तमानपत्राकडे येतो, कारण पत्र त्यासाठीच लिहितोय. आमच्यासारखे छोटे डिझाइनर आपल्याला रोज जाहिराती पाठवतात आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक पेपर नाचवत येतं, केशरी कुठाय, हा तर तांबडा चिखल आहे. वर्तमानपत्राचा कागद मुळातच करडा-पिवळट, शाई पिऊन घेणारा, छपाईत रंग ज्या बारीक ठिपक्यांनी बनतो तो ठिपका पसरतो. वर्तमानपत्री छपाईसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात मधल्या छटेला ही वाढ २६ टक्के धरलेली आहे आणि एका जागी पडणाऱ्या चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज २४० च्या आत ठेवा असं त्यात आहे. गुळगुळीत आर्ट पेपरवर याच शाया ३०० च्या पुढे चालतात. आणि मी ज्या ज्या ऑफिसात, डीटीपी सेंटरमध्ये बसलोय तिथे सीएमवायकेची, म्हणजे छपाईच्या त्या चार शायांची सेटिंग सॉफ्टवेअर बसवताना जशी आली तशीच असते, म्हणजे अमेरिकेतल्या मासिकांच्या गुळगुळीत कागदाची. कोणाला तिला हात लावायची गरजच वाटत नाही, कारण काय लावायचं ते कोणी सांगितलेलं नाही. मग जाहिरात मॉनिटरवर सुंदर, पानावर गाळ, आणि शिव्या खातो तो प्रेसवरचा माणूस, ज्याचा यात काडीचा दोष नाही.

तिरंग्याचंच बघा ना. त्यातला केशरी आणि हिरवा कसा असावा हे आपल्या देशाने मोजमाप करून ठरवलंय, आयएस १ या भारतीय मानकात त्याचे आकडे आहेत, आपल्या नांदेडला खादीचा ध्वज तयार होतो तो उगीच डोळ्याने रंगवत नाहीत. पण १५ ऑगस्टच्या पुरवणीत त्याच ध्वजाचा केशरी पान दोनवर पिवळा, पान पाचवर विटकरी आणि मोबाइलवरच्या ई-पेपरात निऑन होतो. दरवर्षी होतो. हे बघून मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून विनंती अशी की आपल्या छपाईचं प्रोफाइल जाहिरातींच्या मापांसोबत, म्हणजे कॉलम सेंटिमीटरचा तक्ता जिथे देता तिथेच, सगळ्यांना उघडपणे द्यावं. मोठ्या एजन्सींकडे ते असतं, सांगली-जळगावच्या एका खोलीत बसलेल्या डिझाइनरकडे नसतं. ते मिळालं तर तो आपल्याच मॉनिटरवर आधीच बघू शकेल की हा केशरी कागदावर किती उतरणार आहे, सॉफ्ट प्रूफ म्हणतात त्याला, सगळ्या चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय वर्षानुवर्षं आहे आणि धूळ खात पडलीय. मग तो गिऱ्हाइकाला आधीच सांगेल, भाऊ हा रंग पेपरात येणार नाही, दुसरा घ्या. आणि अप्लाइड आर्टच्या कॉलेजांनी, आयटीआयच्या डीटीपी कोर्सनी निदान एक आठवडा तरी हे शिकवावं, माझ्याकडे येणाऱ्या मुलांना आकार काढायचं पेन टूल उत्तम येतं, पण प्रोफाइल म्हणजे काय विचारलं तर सोशल मीडियावरचा स्वतःचा फोटो दाखवतात. दोष त्यांचा नाही, त्यांना कोणी सांगितलंच नाही.

तूर्त प्रोफाइल देणं जमणार नसेल तर निदान आपल्या प्रेसवर कलर टेस्टसाठी छापतात तो रंगांच्या चौकोनांचा एखादा वाया गेलेला कागद मिळाला तरी माझं भागेल, मी तो मोजून कामचलाऊ प्रोफाइल बनवीन आणि ज्याला हवं त्याला फुकट देईन. रविवार सोडून कुठल्याही दिवशी सकाळी मुलगा पाठवून घेऊन जातो, कोणाला भेटायचं तेवढं कळवावं.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
पुणे